लेप धरतो का?

प्लाझ्माच्या ज्योतीचे तापमान दहा हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. पॉलिइथरइथरकीटोन, म्हणजे पीईईके हे पॉलिमर 343 अंशांना वितळते आणि 143 अंशांच्या आसपासच त्याचा ताठपणा उतरू लागतो. अशा ज्योतीतून हाडाचे खनिज उडवून त्याचा पातळ थर अशा पॉलिमरवर बसवायचा, तो माणसाच्या कण्यात किंवा मांडीत वर्षानुवर्षे टिकला पाहिजे, आणि तो टिकेल की नाही हे शस्त्रक्रियेच्या आधी प्रयोगशाळेत पारखून घ्यायचे. पुढच्या प्रकरणांत जे काही आले आहे ते या एका अडचणीभोवती फिरते.

पहिला प्रश्न वाचकाच्या मनात येईल तो हा, की एवढा खटाटोप हवा कशाला? टायटॅनियम आहे, ते हाडात रुजते, चांगले टिकतेही. मग पॉलिमर का? याचे उत्तर हाडाच्या स्वभावात आहे. हाडावर भार पडला तर ते भरते. भार पडेनासा झाला की झिजते, विरळ होते. टायटॅनियमचा ताठपणा सुमारे 110 गिगापास्कल आणि आपल्या हाडाच्या बाहेरच्या कठीण भागाचा साधारण 10 ते 20. दोघे शेजारी उभे राहिले की भार धातू उचलतो आणि हाड रिकामे राहते. काही वर्षांनी क्ष-किरण चित्रात धातूशेजारचे हाड पातळ झालेले दिसते. पीईईकेचा ताठपणा 3 ते 4 गिगापास्कल आहे. त्यात कार्बनचे तंतू घातले की तो हाडाच्या जवळ नेता येतो. शिवाय क्ष-किरण त्यातून आरपार जातात. मणके जुळले की नाही हे सर्जनला दिसते, आणि हाडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यायचे असतील तर धातूमुळे चित्रात पडणारे ओरखडे आड येत नाहीत.

हे पॉलिमर 1970च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी बनवले आणि 1990च्या दशकाच्या अखेरीस ते शरीरात कायम ठेवण्याच्या रोपणांसाठी मिळू लागले. मराठी वाचकाला यात एक जवळचा दुवा आहे. माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकलेल्या केकी घरडा यांच्या घरडा केमिकल्सने हे अवघड पॉलिमर भारतात बनवून दाखवले होते. त्यांचा पानोलीचा पॉलिमर विभाग 2005-06च्या सुमारास सॉल्वे या परदेशी कंपनीने विकत घेतला. म्हणजे ज्या पदार्थाची परीक्षा करायला आपले विद्यार्थी आज बिचकतात, तो डोंबिवली-लोट्याच्या औद्योगिक पट्ट्यात वाढलेल्या कंपनीने तयार केलेला आहे.

पीईईकेचा दोष मात्र मोठा आहे. हाडाला त्याच्याशी काही देणेघेणे नसते. शरीर त्याला त्रास देत नाही, तसे जवळही करत नाही. त्याच्याभोवती तंतूंचा एक पातळ पडदा बनवते आणि हाड त्या पडद्यापाशी थांबते. म्हणून त्याच्यावर असा थर हवा की ज्याला हाड आपले मानेल.

असा थर असू शकतो ही कल्पना तशी नवी आहे. कॅल्शियम फॉस्फेट हाडात भरण्याचा प्रयत्न फ्रेड अल्बी यांनी 1920 सालीच केला होता, पण पदार्थ आणि हाड यांचा रासायनिक सांधा जुळतो हे पक्के दिसले ते लॅरी हेंच यांच्या काचेमुळे. 1967 साली एका परिषदेला जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारी व्हिएतनाममधून परतलेला एक लष्करी अधिकारी बसला होता. शरीर धातू आणि प्लास्टिक नाकारते, त्यामुळे जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागतात, शरीर नाकारणार नाही असे काही बनवता येईल का, असे त्याने विचारले. हेंच यांनी 1969 साली फ्लोरिडा विद्यापीठात 45 टक्के सिलिका, प्रत्येकी 24.5 टक्के सोडियम ऑक्साइड व कॅल्शियम ऑक्साइड आणि 6 टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड अशी काच ओतली. उंदरांच्या मांडीच्या हाडात ठेवलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनी काढायला गेले तर निघेनात. हाड त्यांना धरून बसले होते. पुढे 1980च्या दशकात हाडातल्याच खनिजाशी मिळताजुळता हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट धातूच्या खुब्यांवर प्लाझ्माने उडवला जाऊ लागला. लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी 1985 साली तसा पहिला खुबा बसवला, आणि त्या लेपांनी धातूवर उत्तम काम केले.

धातूवर जमले ते पॉलिमरवर का अडते, हे नीट समजून घेतल्याशिवाय परीक्षेला हात घालू नये असे माझे मत आहे. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या अणूंचे प्रमाण 1.67 असते. ज्योतीतून जाताना त्याचे कण अर्धवट वितळतात, काहींची रचना मोडते आणि त्यातून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, टेट्राकॅल्शियम फॉस्फेट, कधी नुसता चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड तयार होतो. थंड पृष्ठभागावर आपटताच काही भाग स्फटिक न होता काचेसारखा गोठतो. हे सगळे शरीरातील द्रवात मूळ खनिजापेक्षा लवकर विरघळते. धातूच्या बाबतीत लेप दिल्यावर तो तुकडा 600-700 अंशांना भट्टीत ठेवून स्फटिक पुन्हा जुळवून घेता येतात. पीईईके त्या भट्टीत ठेवता येत नाही. दुसरे असे की तापमान बदलले की पीईईके हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या तिपटीहून अधिक प्रसरण-आकुंचन पावते. गरम असताना नीट बसलेला थर गार होताना ताणाखाली येतो. तिसरे कारण भाराचे आहे. तोच भार दिला तर टायटॅनियमपेक्षा पीईईके जवळजवळ तीसपट लवते, आणि सिरॅमिक तर लवायला तयारच नसते. जाड थर अशा लवचीक अंगावर तडकतो.

म्हणून लोकांनी नाना वाटा काढल्या. कोणी आधी टायटॅनियमचा थर देऊन त्यावर सिरॅमिक उडवतात. कोणी ज्योत टाळून द्रावणात बुडवणे, फिरत्या चकतीवर पसरवणे, निर्वात पोकळीत अणू-अणूने बसवणे असे थंड मार्ग घेतात; तिथे थराची जाडी मायक्रोमीटरहूनही कमी ठेवता येते, तर प्लाझ्माचा थर 50 मायक्रोमीटर आणि त्याहून जाड असतो. विल्यम बॉनफिल्ड यांनी तर लंडनमध्ये लेपाचा नाद सोडून सिरॅमिकची पूड थेट पॉलिथिनमध्येच मिसळली आणि त्यातून मधल्या कानाची रोपणे बनली. मला पातळ थरांचा मार्ग अधिक आश्वासक वाटतो, पण त्याची परीक्षा अधिक कठीण आहे. केसाच्या शंभराव्या भागाइतक्या जाडीचा थर ओढून पाहायचा कसा, खरवडून पाहायचा कसा, आणि तो शरीरात संपला की रुजला हे ओळखायचे कसे?

मी जिथून हे लिहितो आहे त्या पनवेलला पूड पारखण्याची परंपरा जुनी आहे. 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इथे औषधांचा कारखाना काढला, तोच आजचा श्री धूतपापेश्वर. भस्म तयार झाले की ते पारखण्याच्या रसशास्त्रात ठरलेल्या कसोट्या आहेत. चिमूटभर भस्म स्थिर पाण्यावर टाकले तर ते तरंगले पाहिजे; हे वारितर. अंगठा आणि तर्जनीत चोळले तर बोटाच्या रेषांत शिरले पाहिजे, हे रेखापूर्ण. धातूचे भस्म गूळ, गुंजा, मध, तूप आणि टाकणखार यांच्याबरोबर पुन्हा तापवले तरी त्यातून मूळ धातू परत येता कामा नये, हे अपुनर्भव. या कसोट्यांची मांडणी मला फार शहाणपणाची वाटते. पहिल्या दोन कसोट्या बारीकपणा विचारतात, तिसरी रूपांतर पूर्ण झाले का हे विचारते, आणि एकीचे उत्तर दुसरीच्या जागी चालत नाही. त्याचबरोबर तिन्ही उत्तीर्ण झालेले भस्म पोटात गेल्यावर काय करते, हा प्रश्न यांपैकी एकीनेही विचारलेला नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. लेपांच्या परीक्षेत नेमकी हीच शिस्त सुटताना दिसते. एका कसोटीचे उत्तर सगळ्या प्रश्नांना लावले जाते.

ओढून पाहण्याची परीक्षा घ्या. लेप दिलेली चकती घ्यायची, तिच्यावर गोंदाने दुसरा दांडा चिकटवायचा आणि यंत्रात ठरावीक वेगाने दोन्हीकडून ओढायचे. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट लेपांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 13779 मध्ये, किमान 15 मेगापास्कल पकड मागितलेली आहे. आकडा आला की विद्यार्थी खूश होतो. पण तुटले कुठे? लेप आणि पॉलिमर यांच्या सांध्यावर तुटले तर तो आकडा पकडीचा. लेपाच्या पोटातच फाटले तर तो आकडा लेपाच्या अंगच्या ताकदीचा. आणि गोंदच सुटला असेल तर लेप निदान इतका तरी मजबूत आहे, एवढेच कळले. त्यातही दोन फसवे खड्डे आहेत. लेप सच्छिद्र असेल तर पातळ गोंद त्यातून झिरपून थेट पॉलिमरला चिकटतो आणि मग यंत्र लेपाची नव्हे, गोंदाची पकड मोजते. शिवाय या परीक्षेत वापरली जाणारी काही गोंदपटले 170 अंशांच्या वर तापवून घट्ट करावी लागतात. धातूला त्याचे काही वाटत नाही. पीईईकेसाठी ते 143 अंशांच्या पलीकडचे असते, म्हणजे परीक्षा घेता घेताच आपण नमुना बदलून टाकतो. तुटलेल्या दोन्ही तोंडांचे छायाचित्र नसलेला पकडीचा आकडा मी मानत नाही, आणि वाचकानेही मानू नये.

त्याहून महत्त्वाचे हे की ताज्या, कोरड्या नमुन्याची पकड ही सर्वांत सोपी परीक्षा असते. रोपण कधीही तसे कोरडे, ताजे वापरले जात नाही. आधी ते निर्जंतुक होते. खाडीपलीकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड प्रकल्प 1974 पासून गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करतो. 25 किलोग्रे ही त्याची रूढ मात्रा. मग सर्जन ते रोपण हातोडीने ठोकून मणक्यांमध्ये बसवतो. त्या घासण्यात लेपाच्या कडा खरवडल्या जातात. नंतर ते ओल्यात, उबेत, रोज हजारो वेळा लवते. म्हणून किरण देऊन, उबदार द्रवात काही आठवडे ठेवून, लाखो वेळा दाबून, आणि खऱ्या आकाराच्या तुकड्यावर घेतलेली पकडच काही सांगू शकते. गुळगुळीत चकतीवर मिळालेले यश मणक्यांमध्ये बसवायच्या दातेरी पिंजऱ्यासारख्या रोपणाच्या कोपऱ्यांना लागू होत नाही.

दुसरी लोकप्रिय परीक्षा कृत्रिम शरीरद्रवाची. जपानच्या क्योतो विद्यापीठातील तादाशी कोकुबो यांनी ती रूढ केली. रक्तातल्या निर्जीव क्षारांच्या जवळपास जाणारे द्रावण करायचे, 36.5 अंश तापमान आणि 7.4 पीएच ठेवायचा, त्यात नमुना काही दिवस ठेवायचा आणि त्यावर अ‍ॅपेटाइटचे स्फटिक धरतात का ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे गोळे दिसले की लेप जैवक्रियाशील ठरतो. ही परीक्षा स्वस्त आहे, प्राणी लागत नाहीत, आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयातही होऊ शकते. म्हणून मला तिचे मोल मोठे वाटते. पण ती सोपी मुळीच नाही. क्षार ठरलेल्या क्रमानेच घालावे लागतात, भांडे प्लास्टिकचे हवे, आणि द्रावण किंचितही गढूळ झाले तर ओतून देऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. शिवाय या द्रवात प्रथिने नाहीत, बायकार्बोनेट रक्ताच्या सहाव्या भागाइतकेच आहे आणि क्लोराइड रक्तात 103 मिलिमोल तर यात सुमारे 148. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हाडाशी उत्तम जुळते, पण या द्रवात त्यावर अ‍ॅपेटाइट दिसेलच असे नाही, हे कोकुबो यांनी स्वतः लिहिले आहे. 2009 साली मार्क बोनर आणि जॅक लमेत्र यांनी तर या परीक्षेने जैवक्रियाशीलता ठरवता येते का, असा थेट सवाल केला. गड्ड्यांचे देखणे चित्र मिळाले की पुढे काही विचारायचेच नाही, असा जो रिवाज आपल्या प्रबंधांत शिरला आहे, तो मला मनापासून खटकतो.

मग पेशी. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून देशभरच्या प्रयोगशाळा पेशी मागवतात. विषारीपणा पाहायला उंदराच्या एल-929 आणि हाडाच्या कामाला बहुधा एमजी-63 किंवा साओस-2. एमजी-63 या पेशी चौदा वर्षांच्या एका मुलाच्या हाडाच्या कर्करोगातून आलेल्या, साओस-2 अकरा वर्षांच्या मुलीच्या. पनवेल तालुक्यात हे लिहिताना थांबावेसे वाटते. परळची कर्करोग संशोधन संस्था 2002 साली खारघरला आली आणि अ‍ॅक्ट्रेक झाली. ऑस्टिओसार्कोमा हा आजार बहुतेकदा वाढीच्या वयात, गुडघ्याच्या आसपास गाठतो. मुलाचा पाय वाचवायचा तर हाडाचा मोठा तुकडा काढून तिथे रोपण बसवावे लागते. परदेशी रोपणांचा खर्च झेपणारी घरे थोडी, म्हणूनच टाटा स्मारक रुग्णालयाने कमी खर्चाचे देशी रोपण घडवण्याचे काम हाती घेतले. त्या रोपणांची पृष्ठे पारखायला आपण ज्या पेशी वापरतो, त्या अशाच दोन मुलांच्या आजारातून आलेल्या आहेत. त्यांच्यावर घेतलेला प्रत्येक प्रयोग चोख असावा एवढे तरी आपण देणे लागतो.

चोखपणा इथे अवघड आहे. या पेशी कर्करोगाच्या असल्याने निरोगी पेशींपेक्षा बेभान वाढतात. त्यांची वाढ बघून हाड वाढेल असे म्हणता येत नाही. खनिज धरले का हे पाहायला अ‍ॅलिझरिन रेड हा रंग वापरतात, तो कॅल्शियमला लाल करतो. पण लेपच कॅल्शियमचा! पेशी न टाकलेला लेपही लाल होतो. म्हणून पेशींविना ठेवलेला तसाच नमुना शेजारी असल्याशिवाय त्या लाल रंगाला काही अर्थ उरत नाही. ज्या प्रयोगवहीत ही जोडी नाही, तिच्यातले निष्कर्ष बाजूला ठेवावेत.

प्रयोगशाळा आणि शरीर यांच्यातले अंतर किती असू शकते, हे सांगायला मला इंग्लंडमधील सर्जन जॉन चार्नली यांच्या अनुभवाइतके दुसरे काही सापडत नाही. खुब्याच्या वाटीसाठी त्यांनी 1958 पासून टेफ्लॉन वापरले. निसरडे, निष्क्रिय, कागदावर निर्दोष. सुमारे तीनशे रुग्णांत ते झिजले, झिजलेल्या कणांनी हाड खाल्ले, आणि ती सारी रोपणे बदलण्याची वेळ आली. त्यांनी भर घातलेले टेफ्लॉन घेतले. ते प्रयोगशाळेत वीसपट कमी झिजले आणि शरीरात पूर्वीइतकेच. चार्नली यांनी हे पदार्थ स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन त्यांची सूज पाहिली आणि 1963 साली ‘लॅन्सेट’मध्ये लोकांना सावध केले. दरम्यान 1962 साली त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने एका विक्रेत्याने आणलेला, यंत्रमागाच्या दातेरी चाकांसाठी वापरला जाणारा पॉलिथिनचा तुकडा मिळवला. चार्नली यांनी त्यात नख रुतवून पाहिले आणि हा वेळेचा अपव्यय आहे असे ठरवले. ते परदेशी असताना क्रेव्हनने तो तुकडा झिजेच्या यंत्रावर चढवला आणि रात्रंदिवस चालू ठेवला. तीन आठवड्यांत तो जेवढा झिजला, त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजत होते. आजही खुब्याच्या आणि गुडघ्याच्या बहुतेक रोपणांत त्याच घराण्याचे पॉलिथिन असते. एका तंत्रज्ञाने साहेबांच्या मताविरुद्ध चालवलेली ती चाचणी मला या सगळ्या शास्त्रातील सर्वांत मोठी वाटते.

प्राण्यांवरील परीक्षेबद्दल थोडेच लिहितो, कारण तिचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिला आपल्या देशात प्राणी संरक्षणाच्या कायद्याखालची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. तरुण, सुदृढ सशाच्या हाडात पाडलेले स्वच्छ भोक आणि सत्तरीतल्या बाईचा ठिसूळ मणका यांच्यात फार अंतर आहे, एवढे मनात असू द्यावे.

आणि परीक्षा शस्त्रक्रियेपाशी संपत नाही. धातूवर धातू घासणारा एएसआर हा खुबा ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत घ्यावा लागला, तो यंत्रावरच्या चाचण्यांमुळे नव्हे तर रुग्णांच्या नोंदवह्यांमुळे. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि वेल्स या देशांत कोणत्या माणसात कोणते रोपण गेले आणि ते केव्हा बदलावे लागले याची नोंद होती. आपल्याकडे ज्यांना तो खुबा बसला होता त्यांतल्या अनेकांना शोधणेच कठीण झाले आणि केंद्र सरकारला 2017 साली तज्ज्ञ समिती नेमावी लागली. त्याच वर्षीचे वैद्यकीय उपकरण नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. नियम आले, तरी रोपण झालेल्या प्रत्येक माणसाची नोंद राहिल्याशिवाय लेपाचे शेवटचे उत्तर आपल्याला कधीच मिळणार नाही.

पनवेलहून पाहिले तर या कामाला लागणारे जवळजवळ सगळे हाकेच्या अंतरावर आहे. तुर्भ्याला किरण, खारघरला कर्करोगाचे संशोधन, कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय, पवईला आयआयटी, द्रुतगती मार्गाने पुढे गेले की पुण्याला पेशींचे भांडार आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा या दोन्ही वाटांवरचे मोडलेले हाडही इथेच येते. नवीन पनवेल, रसायनी, कर्जत अशा ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एकच लेप, एकाच बॅचचा, आपापल्या प्रयोगशाळेत तपासून आकडे शेजारी-शेजारी मांडले तर कोणाच्या पद्धतीत काय चुकते ते लगेच दिसेल. एकट्याने छापलेल्या दहा लेखांपेक्षा मला तो एक तक्ता अधिक उपयोगाचा वाटतो. त्यात न धरलेले लेपही आले पाहिजेत. सुटलेल्या लेपाची कारणे लिहून ठेवली तर पुढचा विद्यार्थी तीच वाट पुन्हा चालणार नाही.

काम सुरू करणाऱ्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. जून ते सप्टेंबर या भागातली हवा इतकी दमट असते की द्रावणात बुडवून दिलेला लेप मे महिन्यातल्यासारखा वाळत नाही आणि त्याच्या भेगाही वेगळ्या पडतात. तेव्हा तापमानाइतकीच आर्द्रताही वहीत लिहा. आणि प्रत्येक बॅचमधले काही तुकडे कोणत्याही परीक्षेला न लावता, नाव-तारीख घालून, बंद डब्यात राखून ठेवा. वर्षाने आकड्यांवर कोणी शंका घेतली तर यंत्रावर पुन्हा चढवायला तेच तुकडे हाताशी लागतात.